रेघेची खोली हातालाच कळते

१८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची मंडळी अंबरनाथच्या शिवमंदिराची मापे घ्यायला आली. त्यांनी नुसती चित्रे काढली नाहीत, तर भिंतीवरच्या नक्षीचे साचेही घेतले. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा लेख असलेले हे देऊळ सपाट कागदात मावणारे नव्हतेच. त्याची भिंत सरळ जातच नाही. थोडी पुढे येते, कोन काढते, पुन्हा आत वळते. समोरून काढलेल्या चित्रात या साऱ्या घड्यांच्या उरतात फक्त शेजारीशेजारी उभ्या रेघा.

वास्तुकलेच्या पहिल्या वर्षातला थरांच्या उठावाचा अभ्यास नेमका इथेच कामाला येतो. एक सपाट चित्र घ्यायचे, त्यातले पुढचे काय, मागचे काय हे ठरवायचे आणि माउंटबोर्ड कापून थर एकावर एक चिकटवायचे. जर्मनीत १९१९ मध्ये सुरू झालेल्या बाउहाउस या कलाशाळेत जोसेफ अल्बर्स नवशिक्यांना कागद कापायला, दुमडायला लावत, तेही याच जातीचे शिक्षण.

आता संगणकात एक आकडा भरला की भिंत उभी राहते आणि लेझर कटर थर कापून देतो. मग कटर, स्टीलची पट्टी आणि फेविकॉल घेऊन रात्री कशाला जागवायच्या? कारण रेखाटनात खोलीचा निर्णय टाळता येतो. दोन रेघांमधली जागा खिडकी आहे की खोबण, हे न ठरवताही शीट देखणे दिसते. बोर्ड कापायला घेतला की प्रत्येक रेघेला जाब द्यावा लागतो: एक थर की तीन? यंत्र जरूर वापरावे, पण पहिला उठाव हातानेच व्हावा.

आणि त्यासाठी परदेशी चित्रे शोधण्याचीही गरज नाही. ठाणे, कल्याण-डोंबिवलीतल्या विद्यार्थ्याला अंबरनाथची भिंत लोकलच्या अंतरावर आहे. दुसरा धडा उल्हास नदीच्या खोऱ्याचा. १:५०,००० च्या सर्वेक्षण नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. त्या प्रमाणात २० मीटर म्हणजे जेमतेम ०.४ मिलिमीटर. दोन मिलिमीटरचा बोर्ड वापरला तर उंची पाचपट फुगते. सुमारे ८०० मीटर उंचीच्या माथेरानला चाळीसेक थर लागतात, तर नदीकाठचा बराचसा सपाट पट्टा तळाच्या एक-दोन थरांतच आटोपतो.

जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ती घटना या तळाच्या थरांतलीच. डोंगर दाखवणारे मॉडेल पुराबद्दल मुकेच राहते. त्यासाठी एकेका मीटरच्या लेव्हल घेऊन वेगळ्या प्रमाणाचे मॉडेल करावे लागते. किती जाडीचा थर कुठे वापरायचा, हे विद्यार्थ्याला अशा वेळी कळते.

म्हणून ज्युरीने गुण देताना कडा किती स्वच्छ कापल्या एवढेच पाहू नये. हा थर इतकाच जाड का, हे विद्यार्थ्याला विचारावे. नदीकाठची चांगली मॉडेले सबमिशननंतर भंगारात न टाकता पालिकेच्या प्रभाग कार्यालयात मांडावीत. विकास आराखड्यात सारे भूखंड एकाच पातळीवर दिसतात. आपली सोसायटी कितव्या थरावर आहे, हे रहिवाशांना तिथे बोट ठेवून पाहता येईल.