चौथ्या पावसाळ्यानंतर बोला

बाक पूर्वी नुसतं बाक असायचं. आता ते पृथ्वी वाचवतं. हॉटेलांच्या गच्च्या, कोकणातली रिसॉर्ट, सोसायट्यांच्या बागा, महापालिकांची उद्यानं, सगळीकडे ‘पर्यावरणपूरक’ बाकं, झोपाळे आणि शिल्पं हवी आहेत. ती पुरवणारे कल्पक कारागीरही उभे राहिलेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती घेणाऱ्यांबद्दल. वस्तू कशापासून केली हे ते हौसेने विचारतात. ती उघड्यावर किती वर्षं राहील, हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही.

घरातल्या टेबलाचं ठीक आहे. बाहेरच्या वस्तूला मे महिन्याचं ऊन खाऊन लगेच जूनमध्ये भिजायचं असतं. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तळकोकणात त्याहूनही जास्त. लाकूड फुगतं, आकसतं, तडकतं. तड्यात पाणी शिरतं, मागून बुरशी आणि वाळवी येतात. तीन वर्षांत मोडीत निघालेलं बाक जुन्या मालाचं होतं की नव्या, याला मग काही अर्थ उरत नाही. त्याच्या जागी दुसरं आणायचं म्हणजे पुन्हा माल, वीज, पॉलिश आणि टेम्पो आलाच.

बांबूचंच बघा, कारण सर्वांत जास्त गुणगान त्याचं होतं. ते खोटंही नाही. झाड तोडलं की संपलं. बांबूच्या बेटातून मात्र पक्क्या काठ्या दरवर्षी काढता येतात आणि बेट जिवंत राहतं. कोकणातला माणगा तर फर्निचरसाठीच जन्मल्यासारखा आहे. जवळजवळ भरीव, बिनकाट्याचा, सरळ. कुडाळच्या कॉनबॅक या संस्थेने त्याच्यापासून फर्निचरच नव्हे, अख्ख्या इमारती उभ्या करून दाखवल्या. मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्राच्या रूपाने आदिवासी कारागिरांच्या हातात हे काम दिलं. 2017 साली वन कायद्यात बदल झाला, वनाबाहेरचा बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून निघाला आणि बांधावरचा बांबू तोडण्यानेण्यातली कटकटही कमी झाली.

अडचण येते ती पुढे. बांबूत स्टार्च असतो आणि त्यावर भुंगेरे जगतात. कच्च्या बांबूची खुर्ची आणली तर काही महिन्यांत तिच्याखाली पिठासारखा भुसा पडू लागतो. त्यावर चांगले कारागीर बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात बांबू मुरवतात. माणसाला त्याचा त्रास फारसा नाही, कीड मात्र दूर राहते. पण हे क्षार काठीत पक्के बसत नाहीत, पावसाच्या पाण्याबरोबर हळूहळू निघून जातात. पक्कं बसणारं औषधही आहे: तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण. नाव वाचूनच कळावं की ज्या दांड्यावर लहान पोरं हात ठेवणार तिथे ते नको. अमेरिकेत 2003 अखेर घरगुती वापराच्या लाकडातून ते मागे घेतलं गेलं.

म्हणजे जे निर्धोक आहे ते धुऊन जातं आणि जे टिकतं ते निर्धोक नाही. उघड्यावरच्या बांबूचा खरा प्रश्न हा आहे आणि जाहिरातीच्या फोटोत तो दिसत नाही, कारण फोटो डिसेंबरात काढलेला असतो. 2023 च्या मार्चमध्ये वणी-वरोरा महामार्गावर 200 मीटर लांबीचा बांबूचा कठडा बसवला, ‘बाहु बल्ली’ नावाचा. त्याचं कौतुक पुष्कळ झालं. तो कसा टिकवायचा याचं उत्तर मात्र त्याच्या घडणीतच आहे: बांबूवर क्रिओसोट या डांबरी तेलाची प्रक्रिया आणि वरून पुनर्वापराच्या प्लास्टिकचा थर. महामार्गाच्या कठड्याला टेकून कुणी डबा खात नाही, तिथे हे चालेल. बागेतल्या बाकाला चालणार नाही.

बाकासाठी उपाय साधा आहे आणि म्हणूनच बहुधा कुणाला आवडत नाही. वर छप्पर द्यायचं, पाय जमिनीत न पुरता दगडावर किंवा लोखंडी बुटात ठेवायचे आणि दर उन्हाळ्यात तेलाचा हात फिरवायचा. जो कारागीर हे विकण्याआधीच सांगतो, त्याच्याकडून घ्यावं. ‘काही करायला लागत नाही’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नये.

जुन्या सागाची गोष्ट निराळी. तिथे प्रक्रिया निसर्गाने आणि काळाने करूनच ठेवली आहे. पुण्या-नाशकातले वाडे उतरवले, मुंबईतल्या जुन्या इमारती पाडल्या, की तुळया, खांब, कडीपाट आधी बाजूला निघतात आणि वखारीत जातात. मुंबईच्या जुन्या बांधकामात ब्रह्मदेशी साग मोठ्या प्रमाणावर आला, कारण 1937 पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. त्यात शंभर वर्षं वाळलेलं लाकूड आता काय वाकणार? ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात या मालावर पिढ्यान्‌पिढ्या काम चाललं आहे. तिथला सुतार आधी तुळईतले खिळे शोधतो, कारण एक चुकला तरी करवतीचं पातं जातं. या वेळखाऊ कामाला कुठल्या दुकानात ‘शाश्वत’ म्हणत नाहीत. तीच फळी पॉलिश होऊन काचेमागे गेली की मग तिला विशेषणं फुटतात आणि किंमतही.

दोन गोष्टींपासून सावध राहायला हवं. एक म्हणजे नव्या लाकडाला साखळीने ठोकून, वर चुना फासून ‘जुनं’ केलेला माल. फळीची कड बघा. खऱ्या जुन्या फळीत खिळ्याच्या भोकाभोवती काळा डाग खोलवर गेलेला असतो, कारण लोखंड आणि लाकूड यांचा सहवास जुना असतो. दुसरी गोष्ट रेल्वेच्या स्लीपरांची. रुळांखाली काँक्रीट आलं तसे लाकडी स्लीपर बाहेर पडले आणि फार्महाउसवाल्यांना ते भलतेच आवडले. साल किंवा साग असेल तर हरकत नाही. पण चीडसारख्या मऊ लाकडाला क्रिओसोट पाजलेलं असे. ते कोळशाच्या डांबरापासून निघतं आणि त्यातले घटक कर्करोगाशी जोडलेले आहेत. असं जुनं लाकूड बागांत आणि खेळाच्या मैदानांत वापरायला युरोपीय संघाने मनाई केली आहे. आपल्याकडे त्याचेच झोपाळे होतात. नाक जवळ नेऊन बघा. डांबराचा वास आला तर ते बागेत नको.

आणखी एक. वाड्यांचा साग संपणार आहे. मुंबईच्या बीडीडी चाळी काँक्रीटच्या. त्या पाडल्या तरी सागाच्या तुळयांची रास निघत नाही. पुढच्या पिढीला जुनं लाकूड कुठून मिळणार, या प्रश्नाला आजच्या कुठल्याच ब्रँडकडे उत्तर नाही.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. दूध-ज्यूसच्या खोक्यांत साधारण तीन चतुर्थांश कागद, बाकी प्लास्टिक आणि थोडं अ‍ॅल्युमिनियम. ती दळून, तापवून, दाबून फळ्या करतात. मुंबईत सहकारी भांडारात पेट्या ठेवून अशी खोकी गोळा झाली, त्यांतून शाळांची डेस्कं आणि बागेतली बाकं झाली. उपक्रम चांगला. नुसत्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची बाकंही मिळतात. त्यांना वाळवी लागत नाही, पण उन्हात तापून वजनाखाली त्या हळूहळू वाकतात. म्हणून खालचे आधार लाकडी बाकापेक्षा जवळजवळ घ्यावे लागतात. ठेकेदार एक आधार वाचवतो आणि बाकाचं पोट सुटतं.

शिल्पांबाबतीत मात्र आमच्या शहरांनी कमाल केली आहे. गावोगावच्या चौकांत भंगारातले मोर, घोडे आणि सिंह उभे आहेत. दिल्लीने 2019 साली जगातली सात आश्चर्यं भंगारातून उभारली, तेव्हापासून प्रत्येक महापालिकेला आपलं एक आश्चर्य हवं आहे. उद्‌घाटनाला रंग ताजा असतो. दोन पावसाळ्यांनी मोराच्या पिसाऱ्यातून तांबडे ओघळ चबुतऱ्यावर उतरतात, आणि रंगाचं बिल कुठल्या खात्यात टाकायचं यावर फाइल फिरत राहते.

या सगळ्यांचे मूळपुरुष चंदीगडचे नेकचंद. सार्वजनिक बांधकाम खात्यातला हा रस्ते निरीक्षक नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि विजेच्या सामानाचे तुकडे गोळा करून जंगलात चोरून शिल्पं घडवत राहिला. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत सरकारला पत्ता नव्हता. 1976 साली रॉक गार्डन लोकांसाठी खुलं झालं. त्यांचं साहित्य बघा: सिमेंट, चिनीमाती, काच. गंजण्यासारखं पृष्ठभागावर फारसं काही नाही. तरीही 1996 मध्ये ते परदेशी व्याख्यानांना गेले, शहराने निधी काढून घेतला आणि बागेची नासधूस झाली. न गंजणाऱ्या शिल्पांची ही गत, तर लोखंडी मोराचं काय सांगावं?

याउलट ‘विक्रांत’. 1961 साली नौदलात आलेली, 1997 साली निवृत्त झालेली ही विमानवाहू नौका 2014 पासून मुंबईच्या दारूखाना भागात तोडली गेली. तिच्या पोलादातून अर्झान खंबाटा यांनी केलेलं शिल्प 2016 च्या जानेवारीत मुंबईत नौदल गोदीजवळ उभं राहिलं. मला ते आश्वासक वाटतं, कारण शेजारी नौदल आहे. खाऱ्या हवेत लोखंड खरवडायचं आणि रंगवायचं, पुन्हा खरवडायचं आणि पुन्हा रंगवायचं, हे त्या खात्याच्या हाडात मुरलेलं आहे. उद्यान विभागाच्या नाही.

म्हणून माझं म्हणणं निविदेपुरतं आहे. आज बाकाचा दर मागवतात, सर्वांत स्वस्त ते घेतात, पाठीवर नगरसेवकांचं नाव रंगवतात आणि विषय संपतो. त्याऐवजी बाक आणि त्याची पाच वर्षांची देखभाल यांचा मिळून एकच दर मागवावा. निम्मे पैसे बाक बसवल्यावर द्यावेत, उरलेले दरवर्षी पावसाळा संपल्यावर पाहणी करून. पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असाव्यात, म्हणजे मोडलेली एकच पट्टी बदलता येईल, वेल्डिंगचं अख्खं धूड उचलायला लागणार नाही. आणि ही अट घालताना रक्कम इतकी तुटपुंजी नको की कारागिराला पुन्हा यायला एसटीचं भाडंही परवडू नये. हिशेब असा मांडला तर स्वस्तातलं वेल्डिंगचं बाक पाच वर्षांत सर्वांत महाग ठरेल, आणि कुडाळचा बांबूवाला किंवा ओशिवऱ्याचा सुतार शहरातल्या ठेकेदारासमोर पहिल्यांदाच बरोबरीने बोली लावू शकेल.