पळवून काढलेला फोटो

तमिळनाडूत, जुन्या तंजावर मुलखाच्या टोकाला, पाल्कच्या सामुद्रधुनीलगत कोडियक्करै अभयारण्य आहे. १९६७ साली ते काळविटांसाठी राखलं गेलं. तिथल्या किनाऱ्यावरच्या गवताळ मैदानात मोकाट तट्टंही चरतात. माणसांनी कधीकाळी सोडून दिलेल्या पाळीव जनावरांचा हा वंश. मागे पाणी, पुढे वाऱ्यावर उडणारी आयाळ. कॅमेरा हाती असलेल्याला मोह पडणारच. फोटो जरूर काढावा. पण हवी ती दौड मिळावी म्हणून कळपाच्या मागे लागणं हा अन्याय आहे.

पाणी उडवत धावणाऱ्या पांढऱ्या घोड्यांचे गाजलेले फोटो बहुतेक फ्रान्समधल्या कामार्गचे असतात. तिथल्या घोड्यांना मालक आहेत, आणि फोटोसाठी कळप हाकायला घोडेस्वार राखणदार असतात. त्या दृश्याची नक्कल कोडियक्करैला करू गेलं, तर तट्टांबरोबर काळवीटही उधळतात. दोघांचं गवत एकच, आणि त्या कुरणात वेडी बाभूळ आधीच घुसली आहे.

हे वऱ्हाडातही बोलायला हवं. कारंजा-सोहोळचं अभयारण्य काळविटांसाठीच आहे. गुरुकुंज मोझरीच्या बाजूच्या शिवारांत रोही, म्हणजे नीलगायी, फिरतात. मोबाइल खिशात आणि दुचाकी बांधापर्यंत, मग जनावरामागे गाडी घालायला कितीसा वेळ? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्याला पिटाळणंही शिकारीच्या व्याख्येत घातलं आहे. हातात बंदूक नव्हती, फक्त कॅमेरा होता, ही सबब पुरेशी नाही. वैशाखाच्या उन्हात पाण्यासाठी वणवण करणाऱ्या गाभण मादीला अशी दौड जिवावर बेतू शकते. पीक राखणाऱ्या शेतकऱ्याची अडचण खरी आहे आणि तिला वेगळं उत्तर हवं. हौसेला ती सबब लागू नाही.

चांगला फोटो दमाने मिळतो. वाऱ्याची दिशा पाहून लांब बसावं, जनावराला आपली सवय होऊ द्यावी. ते मान खाली घालून चरू लागलं, की त्याचं खरं जगणं दिसतं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीत गुरुकुंज आश्रम उभारला आणि सुधारणेची सुरुवात गावापासून करायला शिकवलं. फोटोसाठी जनावर न पळवण्याचा नियमही गावापासूनच लागू करता येईल. शाळा, मंडळं, वर्तमानपत्रं, स्पर्धांचे संयोजक यांनी धावत्या जनावराच्या प्रत्येक फोटोमागे एक प्रश्न विचारावा: ते का धावत होतं? समाधानकारक उत्तर नसेल, तर तो फोटो छापू नये आणि त्याला बक्षीसही देऊ नये.