भडल्याचं ऊन

राजस्थानात फलोदीजवळ भडला आहे. २०१६ च्या मे महिन्यात फलोदीचा पारा ५१ अंशांवर गेला होता. अशा मुलखात आज सुमारे १४ हजार एकरांवर २,२४५ मेगावॉटचं सौर उद्यान पसरलं आहे. ऊन जितकं रणरणतं तितकी वीज जास्त, हा समज मात्र खोटा. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्मा नव्हे. ते २५ अंशांपुढे तापलं की दर अंशामागे उत्पादन साधारण ०.४ टक्क्याने घटतं. त्यात धुळीची वादळं. काचेवर पातळसा थर बसला तरी वीज कमी होते, आणि धुवायला पाणी आणायचं कुठून? म्हणून अंधार पडल्यावर रोबो कोरड्या ब्रशांनी रांगामागून रांगा झाडून काढतात. २०१७ च्या लिलावात इथला दर युनिटला २.४४ रुपयांवर उतरला आणि कोळशाची वीजही महाग वाटू लागली. पण ज्याला आपण ओसाड म्हणतो, ते वाळवंट मेंढपाळांचं चराऊ रान असतं. शिवाय पश्चिम राजस्थानात वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाबाच्या तारांना धडकून माळढोक पक्षी मरतात. सोलापूरच्या नान्नजला माळढोकांविना जवळपास रिकामं झालेलं माळरान पाहिलेल्या आपल्याला तरी हे वेगळं सांगायला नको. सौरऊर्जा हवीच, पण स्वस्ताईच्या हिशेबात हा खर्चही मांडा.