बुरूड राजाचे कोट

नालासोपाऱ्याला पश्चिमेस उतरून ‘स्तूप’ म्हटले, तर प्रत्येक रिक्षावाल्याला कळेलच असे नाही. जुनी गावकरी मंडळी त्या टेकाडाला ‘बुरूड राजाचे कोट’ म्हणत. भगवंताचे नाव पुसले गेले, बुरडाचे तेवढे राहिले!

१८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड खोदले. आत दगडी पेटी. पेटीत एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सर्वांत आत सोन्याचे करंडक. त्या सोन्यात काय जपले होते? मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे! भोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती. हा ठेवा मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे गेला. सोपाऱ्यातच मिळालेला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. राजाने शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्या, असे तो लेख सांगतो.

बुद्धपौर्णिमेला आम्ही डबे बांधून मुलाबाळांसह स्तूपावर जातो. गेल्या खेपेस धाकटीने विटांकडे पाहून विचारले, “आत काय आहे?” आता काही नाही, म्हणावे लागले. येत्या रविवारी तिला लोकलने मुंबईला नेऊन ती शिळा दाखवणार आहोत.