‘टेकला’ आणि ‘टेकलेला आहे’

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आले, तेव्हा आपण भाषाशिक्षकांनी तो गणितवाल्यांचा प्रांत मानला. मला हे पटत नाही. त्या तासाला मराठीचा शिक्षकही हवा. एमआयटीच्या ‘स्क्रॅच’मध्ये मांजराकडून चेंडू झेलवणारी मुलगी वाक्यच रचते : चेंडू टेकला, तर गुण एकने वाढव. ही अट ‘सतत’च्या ठोकळ्यात नसेल, तर एकदाच तपासली जाते; असेल, तर स्पर्श टिकेपर्यंत गुण वाढतच राहतात. ‘टेकला’ आणि ‘टेकलेला आहे’ यांतला भेद आपण रूपे घोकवून शिकवतो. इथे तो चुकला की खेळच बिघडतो, आणि मुलगी लाल शाईची वाट न पाहता खर्डा दुरुस्त करते. तयार खेळ जसाच्या तसा उतरवायला लावणारे वर्ग मात्र गाइडचेच भाऊबंद.