मूठ हातासाठी असते, मिरवण्यासाठी नाही

जुन्या रिव्हॉल्वरला नवी मूठ बसवायची म्हटलं की आमच्याकडे पहिला सल्ला येतो, "शिंगाची बसव. चितळाची नाहीतर सांबराची. खानदानी दिसते." दुसरा येतो, "मोहर्लीकडचा एखादा पोरगा गाठ, ताडोबाचं अस्सल सागवान आणून देईल." अब्बांनंतर रीतसर परवान्यावर माझ्याकडे आलेल्या .32 वेब्लेच्या मुठीवरच्या काळ्या, कडक रबरी फळ्या तडकल्या, तेव्हा हे दोन्ही सल्ले मला मिळाले. देणारे आपलेच लोक होते. शिकलेले, नमाजी, चार माणसांत इज्जत असलेले. म्हणूनच हे लिहावं लागतंय.

आधी शिंगाचं बघू. "जनावर मारायचं नाही, गळून पडलेलं उचलायचं, त्यात गुन्हा कसला?" असं विचारलं जातं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला हा युक्तिवाद मान्य नाही. गळलेलं शिंगही जंगलाचंच आहे, ते उचलता येत नाही आणि विकताही येत नाही. हस्तिदंताचा शौक असलेल्यांनीही ऐकावं. देशी हस्तिदंताचा व्यापार 1986 च्या दुरुस्तीने बंद झाला आणि 1991 मध्ये आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताचाही. पण माझा मुद्दा कायद्याच्या पुढचा आहे. ते शिंग उचलायला आपण स्वतः जात नाही. जातो तो मोहर्लीचा किंवा आसपासच्या गावाचा पोरगा. पकडला गेला तर वकील त्याला शोधावा लागतो, जामीन त्याला भरावा लागतो. मूठ आपली आणि कैद त्याची, असा हा सौदा आहे.

सागवानाची गोष्टही वेगळी नाही. ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प. नवेगाव, जामणीसारखी गावं आतून उठवून बाहेर आणली गेली. सरपणाची मोळी आणायला गेलेल्या बाईला एकीकडे वाघाची भीती आणि दुसरीकडे वनरक्षकाची. त्या जंगलातला फूटभर तुकडा आपल्याला केवळ "ताडोबाचा आहे" असं सांगायला हवा? ज्या अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन पाऊल टाकता येत नाही, त्याच अभयारण्याचं लाकूड हत्यारावर मिरवायचं, यात मला खानदान दिसत नाही. शिकारी नवाबांची नक्कल तेवढी दिसते. आपल्यातल्या बहुतेकांचे आजोबा नवाब नव्हते, टालीवर लाकूड मोजणारे आणि तेंदूपत्त्याच्या फळीवर राबणारे होते.

एका मित्राने दीनचा दाखला दिला. नबी (सल्ल.) यांच्या तलवारीच्या मुठीच्या टोकाला चांदी होती, मग सजावटीला हरकत काय? हदीस आहे, अबू दाऊदमध्ये आहे. सजावट हराम आहे असं मी म्हणतच नाही. पण चांदी दाम मोजून घेता येते, गरिबाच्या गळ्यात केस अडकवून मिळवावी लागत नाही. आणि बुखारीतली दुसरी हदीस आपण का विसरतो? मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेणाऱ्याने ते टोकाकडून धरावेत, कुणाला इजा होऊ नये म्हणून. हत्यार बाळगणाऱ्याने आधी दुसऱ्याचा विचार करायचा, असा त्याचा अर्थ मी घेतो. मुठीची चर्चा तिथूनच सुरू व्हायला हवी.

मग निवडायचं काय? मी मोडक्या पलंगाच्या पायाचं शिसव निवडलं. कित्येक उन्हाळे-पावसाळे खाल्लेलं लाकूड ओल्या, न मुरलेल्या लाकडाइतकं आकसत किंवा फुगत नाही. चंद्रपूरच्या 45 अंशांच्या मे महिन्यानंतर लगेच येणाऱ्या ओल्या जुलैत याची किंमत कळते. सागही चांगला, पण पातळ कापला की रेषेवर चिरतो. शिसव जास्त कठीण. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीने जायला हव्यात, आडव्या गेल्या तर खालचं टोक उडतं. जाडी हाताच्या मापाने ठरवावी. फार जाड झाली तर बोट ट्रिगरपर्यंत नीट पोहोचत नाही, फार गुळगुळीत झाली तर झटक्याने रिव्हॉल्वर हातात फिरतं. म्हणून बारीक चौकडीच्या खाचा हव्यात, नाव, चाँद-तारा किंवा वाघाचं तोंड नको. वरून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि जास्तीचं लगेच पुसून घ्यावं. बस्स.

आणि रिव्हॉल्वर सुताराकडे न्यायचं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे हत्याराच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. जुन्या फळ्या काढून तेवढ्याच मापाला द्याव्यात. नव्या फळ्या परवानाधारक कारागिराकडून बसवून घ्याव्यात.

शौकाला माझा विरोध नाही. पण सजवलेली मूठ कपाटात राहत नाही, ती लग्नात बाहेर येते. 2019 च्या दुरुस्तीने आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड उगाच ठेवलेला नाही. त्यातून शिंगाच्या मुठीसह एखादा खान किंवा शेख सापडला, तर दुसऱ्या दिवशी बातमीत मूठ कमी आणि नाव जास्त असेल, हे आपल्याला सांगायला नको. त्या बातमीत मोहर्लीच्या पोराचं नाव येणारही नाही, पण तारखांना त्यालाच जावं लागेल. कुणालाही तुरुंगाची वाट न दाखवणारी मूठ जुन्या पलंगाच्या पायातून निघते. ती बसवा.