अन्य भाषा आणि आपली भाषा

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती. नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी मधल्या सुट्टींत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन घुटमळूं लागला. आंत बोलाविल्यावर त्यानें प्रथम इकडचें तिकडचें विचारलें, आणि मग खालीं पाहत म्हणाला, "सर, ज्याला अन्य भाषा बोलतां येत नाहीं, त्याला पवित्र आत्मा मिळालेला नसतो, हें खरें का?"

सुट्टींत तो तरुणांच्या एका शिबिरास गेला होता. शेवटच्या रात्रीं सर्वांस गुडघे टेकावयास सांगण्यांत आलें. जीभ मोकळी सोडा, शब्द आपोआप येतील, असें पुढाऱ्यांनीं सांगितलें. एकामागून एक मुलें अनोळखी शब्द उच्चारूं लागलीं. ह्याच्या मुखांतून मात्र कांहींच निघेना. अखेर आपण एकटेच मागें राहूं, ह्या भीतीनें त्यानें तोंडाला येतील ते आवाज काढले. पुढाऱ्यांस आनंद झाला. त्यांनीं त्याच्या मस्तकावर हात ठेवून देवाचे आभार मानले. घरीं हें वर्तमान कळलें, तेव्हां त्याच्या आईच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले. "सर, आतां तिला खरें कसें सांगूं?" एवढें बोलून तो रडूं लागला. तो विद्यार्थी आतां मोठा होऊन आपल्या उद्योगास लागला आहे, आणि त्याच्या संमतीनेंच हें लिहीत आहें.

आपल्या शाळेंत सर्व धर्मांच्या घरांतील मुलें शिकतात. ज्या पालकांचा ख्रिस्ती मंडळीशीं संबंध नाहीं, त्यांस हा वाद आमच्या घरचा वाटेल; आणि तो तसा आहेहि. परंतु भक्तीचें बाहेर दिसणारें चिन्ह मोठें, कीं आंतील सचोटी मोठी, हा प्रश्न कोणत्याहि धर्माच्या घराला परका नाहीं. म्हणून मूळ हकीकत थोडक्यांत सांगून मग माझें मत मांडतों.

शास्त्रांत ह्या विषयाचीं दोन मुख्य स्थळें आहेत, आणि तीं एकमेकांहून निराळीं आहेत. पहिलें स्थळ प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेंत पार्थी, मेदी, एलामी, मिसरी, रोमी, अरब अशा नाना देशांतून आलेले लोक जमले होते. शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, आणि त्या प्रत्येक परदेशस्थास गालीलकरांच्या मुखांतून देवाचीं महत्कृत्यें आपापल्या जन्मभाषेंत ऐकूं आलीं. तेथें दुभाष्याची गरज पडली नाहीं. जें बोललें गेलें, तें ऐकणाऱ्यास कळलें, हेंच त्या दिवसाचें आश्चर्य होतें.

दुसरें स्थळ पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, बाराव्या ते चौदाव्या अध्यायांत आहे. हें पत्र इ. स. ५५ च्या सुमाराचें. करिंथ हें व्यापाराचें, धनाचें आणि चढाओढीचें शहर होतें, आणि ती चढाओढ मंडळींतहि शिरली होती. तेथें अन्य भाषा बोलणाऱ्याचें बोलणें शेजारीं बसलेल्यासहि कळत नसे. पौलानें त्यांस नियम घालून दिले. सभेंत दोघांनीं, फार तर तिघांनीं, तेंहि एकामागून एक बोलावें. अर्थ सांगणारा कोणी असावा. तो नसल्यास बोलणाऱ्यानें सभेंत गप्प राहून आपल्याशीं व देवाशीं बोलावें. सर्वच जण अन्य भाषा बोलतात काय, असा प्रश्न तो विचारतो, आणि त्याचें उत्तर 'नाहीं' असेंच त्यास अपेक्षित आहे. हें दान आपणांस इतरांहून अधिक लाभलें आहे, असें तो सांगतो. तरी मंडळींत न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षां कळणारे पांच शब्द बोलणें त्यास अधिक पसंत आहे. त्याबरोबरच, अन्य भाषा बोलण्यास मना करूं नका, असेंहि तो बजावतो. बाराव्या व चौदाव्या अध्यायांच्या मध्यें त्यानें प्रीतीचा अध्याय घातला आहे. तो आपण लग्नसमारंभांत वाचतों, परंतु तो लिहिला गेला तो ह्याच भांडणाच्या निकालासाठीं, हें आपण विसरतों.

पुढें हें दान मंडळींत विरळ होत गेलें. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम ह्यानें ह्याच पत्रावर प्रवचन करितांना म्हटलें कीं, हा भाग आपणांस दुर्बोध वाटतो, कारण अशा गोष्टी आतां घडत नाहींत. मग विसाव्या शतकाच्या आरंभीं हा विषय नव्यानें जगापुढें आला. इ. स. १९०१ मध्यें अमेरिकेंतील टोपीका येथें चार्ल्स पॅरम ह्यांच्या बायबल शाळेंत, आणि १९०६ मध्यें लॉस एंजेलिस शहरांतील अझूसा रस्त्यावर विल्यम सेमूर ह्यांच्या सभांत, लोक अन्य भाषा बोलूं लागले. सेमूर हे गुलामगिरींतून सुटलेल्या आईबापांचे पुत्र. काळे व गोरे एकत्र बसत नसत त्या काळीं त्यांच्या सभेंत दोघे शेजारीं शेजारीं गुडघे टेकीत, ही गोष्ट त्या सभांच्या टीकाकारांनींहि ध्यानांत घ्यावी अशी आहे.

तेव्हांपासून दोन पक्ष पडले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचें पहिलें प्रत्यक्ष चिन्ह अन्य भाषा हेंच होय, इ. स. १९१४ मध्यें स्थापन झालेल्या असेंब्लीज ऑफ गॉड ह्या संघानें १९१६ च्या आपल्या मतपत्रकांत हें तत्त्व घातलें. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, हीं आश्चर्यदानें प्रेषितांबरोबर संपलीं. प्रिन्स्टनचे विद्वान वॉरफील्ड ह्यांनीं १९१८ मध्यें तें मोठ्या विद्वत्तेनें मांडलें. जर्मनींतील कांहीं पुढाऱ्यांनीं तर १९०९ च्या बर्लिन जाहीरनाम्यांत ही चळवळ वरून नव्हे, खालून आली आहे, असा कठोर निवाडा दिला. तरी १९६० नंतर ती जुन्या मंडळ्यांत आणि १९६७ पासून रोमन कॅथोलिक मंडळींतहि शिरली, आणि आज तिचे अनुयायी कोट्यवधि आहेत. ज्या गोष्टीनें इतक्या लोकांस प्रार्थनेची गोडी लावली, तिला एका शब्दांत ढोंग किंवा भूतबाधा म्हणणें मला न्यायाचें वाटत नाहीं.

परंतु ह्या इतिहासांत एक धडा आहे, आणि तो आपल्या देशांत घडला. आरंभींच्या लोकांस असें वाटे कीं, आत्म्यानें दिलेली भाषा ही खरोखरची परकी भाषा असून, ती मिळाल्यावर मिशनरीस भाषा शिकण्याची गरजच उरणार नाहीं. अझूसा रस्त्यावरील सभांतून अॅल्फ्रेड गार व त्यांची पत्नी लिलियन हीं १९०७ च्या सुमारास कलकत्त्यास आलीं, तीं आपणांस बंगाली भाषेचें दान मिळालें आहे ह्या विश्वासानें. परंतु त्यांचें बोलणें बंगाल्यांस कळेना. गार ह्यांनीं आपली समजूत चुकली हें मान्य केलें. अन्य भाषा ही प्रार्थनेची व स्तुतीची भाषा होय, असें मानून त्यांनीं आपला विश्वास राखिला, आणि भारतांतील उपदेश इंग्रजींतून केला. चूक उघडपणें कबूल करणारा हा मनुष्य मला आदरणीय वाटतो.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे येतों. पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्ति सदनांत १९०५ च्या जून महिन्यांत मोठें संजीवन झालें. तेथें दुष्काळांतून वांचविलेल्या शेंकडों मुली व विधवा राहत होत्या. त्या रडूं लागल्या, पापें कबूल करूं लागल्या, तासन् तास मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या. आणि पुढील एकदोन वर्षांत त्यांच्यापैकीं कांहीं अन्य भाषाहि बोलूं लागल्या. रमाबाईंच्या सहकारिणी मिनी एब्रम्स ह्यांनीं १९०६ मध्यें ह्या संजीवनाविषयीं पुस्तक लिहिलें. तें दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत पोहोंचलें, आणि तेथल्या १९०९ च्या संजीवनास त्यानें चालना दिली. केडगांवच्या अनाथ मुलींची प्रार्थना समुद्रापलीकडे गेली, ही आपणां मराठी ख्रिस्ती लोकांस अभिमानाची गोष्ट आहे. तरीहि अन्य भाषा प्रत्येकास आल्याच पाहिजेत, असा आग्रह एब्रम्सबाईंनीं धरिला नाहीं.

आणि रमाबाईंनीं स्वतः त्या वर्षांत काय केलें? मोठमोठ्या सभांतून ज्यांच्या संस्कृत पांडित्याचा गौरव झाला होता, त्या बाईंनीं उतारवयांत इब्री व ग्रीक भाषांचीं व्याकरणें पुढें घेतलीं. खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रीस वाचतां यावें आणि वाचलेलें कळावें, म्हणून पंधरा वर्षांहून अधिक काळ खपून त्यांनीं सबंध शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. तें काम हातावेगळें झालें आणि थोड्याच अवधींत, १९२२ च्या एप्रिलांत, त्यांनीं देह ठेविला. ज्या आवारांत न कळणाऱ्या भाषेंतील प्रार्थनेस कोणीं मनाई केली नाहीं, त्याच आवारांत कळणाऱ्या भाषेसाठीं एवढे कष्ट झाले. ह्या दोन गोष्टींत मला विरोध दिसत नाहीं. पौलाच्या चौदाव्या अध्यायाचा ह्याहून चांगला अर्थ मला कोणत्याहि टीकाग्रंथांत सांपडलेला नाहीं.

कोणी म्हणतील, शास्त्रज्ञांनीं ह्याचा निकाल लावला आहे. तसें नाहीं. भाषापंडित विल्यम सॅमरिन ह्यांनीं १९७२ मध्यें दाखवून दिलें कीं, ह्या उच्चारांत बोलणाऱ्याच्या परिचयाच्या भाषांतीलच ध्वनि फिरून फिरून येतात, आणि भाषेची खरी रचना त्यांत आढळत नाहीं. पण असें बोलणारीं माणसें मनोरुग्ण नसतात, हेंहि त्यांनींच सांगितलें. इ. स. २००६ मध्यें पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत पांच जणांच्या मेंदूची चित्रें घेण्यांत आलीं. अन्य भाषा बोलत असतां मेंदूच्या पुढच्या भागाचें काम मंदावतें, म्हणजे बोलणाऱ्यास 'मी बोलत नाहीं' असें जें वाटतें तें खोटें नाहीं, इतकें त्यांत दिसलें. परंतु ती प्रार्थना देवापर्यंत पोहोंचते कीं नाहीं, हें कोणतेंहि यंत्र सांगूं शकत नाहीं.

येथें मला माझा स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. मी बोर्डिंगांत राहून शिकत होतों, तेव्हां स्वयंपाकघरांत काम करणाऱ्या एक वृद्ध बाई होत्या. आम्ही त्यांस मावशी म्हणत असूं. पहाटे चूल पेटविण्यापूर्वीं त्या कोपऱ्यांत बसून हळू आवाजांत अन्य भाषेंत प्रार्थना करीत. मी त्यांची नक्कल करून मित्रांस हंसवीत असें. एकदां त्यांनीं ती नक्कल दारांतून ऐकिली. त्या कांहींच बोलल्या नाहींत. त्याच पावसाळ्यांत मला मोठा ताप आला. आठ रात्रीं माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवीत त्या उशाशीं बसल्या होत्या, आणि माझ्याशीं बोलल्या त्या अगदीं साध्या मराठींत: "बाळा, थोडी पेज घे." त्यांच्या पहाटेच्या शब्दांचा अर्थ मला तेव्हां कळला नव्हता, त्या रात्रीं तो कोणीतरी मला उलगडून सांगितला असें वाटलें. क्षमा मागण्यास मला पुढें दोन वर्षें लागलीं.

म्हणून माझें मत असें आहे. ज्यांस हें दान लाभलें आहे असें वाटतें, त्यांची थट्टा आपण करूं नये, आणि त्यांस मनाई करूं नये. परंतु जें दान पौलानें सर्वांपासून अपेक्षिलें नाहीं, तें आपण लेंकरांपासून मागूं नये. शिबिरांचे पुढारी म्हणतील कीं, उत्तेजन दिल्याशिवाय मुलांचा संकोच जात नाहीं. प्रार्थनेस उत्तेजन अवश्य द्यावें. पण रात्र संपण्यापूर्वीं अमुकच घडलें पाहिजे, असें आधींच ठरविलें, कीं भित्र्या मुलास दोनच वाटा उरतात: खोटें बोलणें, नाहीं तर आपण देवाला नकोसे आहों असें समजणें. दोन्ही वाटा पवित्र आत्म्यापासून दूर जातात, कारण प्रभूनें त्यास सत्याचा आत्मा असें नांव दिलें आहे.

पालकांस माझी विनंति अशी कीं, मूल प्रार्थनासभेंतून घरीं आलें म्हणजे त्याला काय मिळालें हें विचारण्याची घाई करूं नये. आठ दिवस जाऊं द्यावे. तें धाकट्या भावंडाशीं कसें बोलतें, चूक कबूल करतें कीं लपवितें, हें पाहावें. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसहि एवढेंच सांगतों: देवापुढें जें मनांत नाहीं तें ओठांवर आणूं नका. तुमची घरची भाषा त्याला कळते.

त्या विद्यार्थ्यानें पुढें काय केलें, हें सांगून लेख संपवितों. मीं त्याला आईकडे पाठविलें. दुसऱ्या दिवशीं येऊन त्यानें सांगितलें कीं, आई बराच वेळ गप्प बसली होती. मग तिनें विचारलें, "त्या रात्रीं तूं खरी प्रार्थना केलीसच नाहीं का?" तो म्हणाला, "केली, आई. शेवटीं, अंथरुणांत पडल्यावर. 'देवा, मीं खोटें केलें, मला क्षमा कर,' एवढेंच म्हणालों." तेव्हां तिनें त्याला जवळ घेतलें आणि म्हणाली, "मग ती त्यानें ऐकली असेल."

मीं त्याचे शब्द बोटांवर मोजले नाहींत. पण ते पांचांच्या आसपासच असावेत.